एका पानाला एकच एच-वन

वेबच्या पानावर एच-वन एकच असावा, ही साधी गोष्ट मला माझ्या भावकीला समजावता आली नाही. क्लासच्या स्मिता मॅडमनी मला समजावली, मला समजली, आणि माझ्यापाशी येऊन जी अडकली ती अडकलीच. एच-वन म्हणजे पानावरचं सगळ्यात मोठं शीर्षक. त्याच्या खाली एच-टू, मग एच-थ्री, असं एच-सिक्सपर्यंत अक्षर बारीक होत जातं. संपलं. यात भांडण्यासारखं काय आहे, सांगा बरं? पण आमच्या सारसोळे गावात भांडायला कारण लागतं असं कोणी सांगितलं?

झालं असं की माझं लग्न ठरलं. मी निशिगंधा गोटीराम वैती. वय तिशीच्या पुढे, हे मोठेकाका येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतात म्हणून मीच आधी सांगून टाकते. नेरुळला एका कुरियरच्या ऑफिसात काऊंटरवर बसते. होणारा नवरा दिपेश, शिरवण्याचा, लिफ्टच्या सर्व्हिसला आहे. स्वभावाने गरीब. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी बोलून बोलून त्याला कुणावर चिडायचं माहीतच नाही. माझं उलटं आहे. काऊंटरवर बसून माझं डोकं सकाळपासूनच तापलेलं असतं.

घरात आम्ही दोघीच, मी आणि आई. बाबा गेले तेव्हा मी शाळेत होते. आई म्हणजे विमलबाई. डोक्यावर पाटी घेऊन सीवूड्सच्या सोसायट्यांमध्ये मासळी विकते. आता गिऱ्हाइकं व्हॉट्सअॅपवर ऑर्डर देतात, पण पाटी तीच आणि डोकंही तेच. त्या पाटीवर मी शिकले, त्या पाटीवर घराचा स्लॅब झाला. शेजारी मोठेकाका राहतात, भैरूकाका, बाबांचे थोरले भाऊ. त्यांच्या कुंदनचं मोबाइलचं दुकान आहे, त्यामुळे कॉम्प्युटरमधलं सगळं आपल्याला कळतं अशी त्याची समजूत आहे.

कुंदनच्या सासुरवाडीला एक लग्न झालं आणि त्यांनी पत्रिकेची लिंक पाठवली. तिथून हे खूळ घरात शिरलं. मोठेकाका संध्याकाळी ओटीवर येऊन बसले. "निशे, आपलीपन लिंक पायजे. लोकांनी टच केलं की पत्रिका उघडली पायजे."

मी बोलले, "उघडेल की. मोबाइलवर तयार नमुने मिळतात, नावं टाकायची फक्त."

नमुने उघडले. गुलाबी फुलं, गणपती, सनई, सगळं होतं. नावांना जागा चार. चार! आमच्या भावकीत चार नावांत मोठेकाकांची ओटीसुद्धा मावत नाही. आमच्या छापील पत्रिका तुम्ही बघितल्या नसतील. वर एकवीरा आईची कृपा, मग निमंत्रक, मग विनीत, मग स्वागतोत्सुक, मग कार्यवाहक, मग मामा, मग आत्याचे यजमान, मग क्रिकेटची टीम, आणि खाली कुठेतरी, चुकून राहिल्यासारखं, नवरा-नवरीचं नाव. ज्याचं नाव राहील तो मांडवात पाय ठेवत नाही, आणि ठेवलाच तर जेवत नाही.

"मग तूच बनव," मोठेकाका बोलले. "तू किलासला जातेस ना?"

जात होते. हीच माझी चूक. नेरुळला स्मिता मॅडम संध्याकाळी वेब पानं बनवायचा क्लास घेतात. काऊंटरच्या पलीकडचं काहीतरी काम मिळावं म्हणून मी नाव घातलं होतं. टॅग म्हणजे मजकूर कसा दाखवायचा हे कॉम्प्युटरला सांगणारी खूण. टॅग उघडायचा, मजकूर लिहायचा, टॅग बंद करायचा. उघडलेला प्रत्येक टॅग बंद झालाच पाहिजे, हे मॅडम इतक्यांदा सांगतात की मी घरी गॅस बंद केला का बघायच्या आधी टॅग बंद केला का आठवते.

दुसऱ्या दिवशी क्लासला मॅडम बोलल्या, "आधी पानाला टायटल द्या. हे पानावर दिसत नाही, ब्राउझरच्या अगदी वरच्या पट्टीत दिसतं. पण त्याच्याशिवाय पान म्हणजे नाव न ठेवलेलं बाळ."

घरी येऊन मी पत्रिकेचं पान उघडलं आणि टायटलमध्ये लिहिलं, विमलबाईंच्या मुलीचं लग्न. काहीतरी लिहायचं म्हणून लिहिलं. आई शेजारी सुपात सुकट निवडत बसली होती. तिची चौथी झालेली, वाचायला वेळ लागतो. मान वर करून तिने एकेक अक्षर लावलं.

"माजं नाव कशाला?"

"सरावाचं आहे गं. कोणाला दिसत नाही ते. नंतर बदलते."

"बरं," ती बोलली, आणि परत सुकटीकडे वळली.

आता खरं दुखणं सांगते, कारण बाकी सगळी नाटकं त्याच्याभोवतीच आहेत. मला माझ्या पत्रिकेवर आईचं नाव हवं होतं. वर, निमंत्रक म्हणून. बस. माझी दुसरी काही मागणी नव्हती. मेंदी नको, फोटोवाला नको, डीजे तर नकोच. पण आमच्या घराण्यात बाई पत्रिकेत वर येत नाही, आणि नवरा गेलेली बाई तर कुठेच येत नाही. 'कै. गोटीराम वैती यांची कन्या' एवढं लिहायचं आणि बोलावणारे कोण, तर मोठेकाका. म्हणजे जो माणूस नाही त्याचं नाव आहे, आणि जी बाई रोज पहाटे उठून मासळी आणते ती पत्रिकेतून गायब.

मी पहिल्याच दिवशी मोठेकाकांना सांगितलं, "वर आईचं नाव टाकते. तिच्याखाली तुमचं."

ते हसले. खरंच हसले, मी काही विनोद केल्यासारखे. "निशा बाय, असं नसतं. शुभ कार्य हाय. लोक काय बोलतील?"

"कोण लोक?"

"लोक," ते बोलले, आणि विषय संपला.

मी आईकडे बघितलं. म्हटलं आता तरी बोलेल. तर ती काय बोलते? "माजं नाव नको गं बाय. तुजं चांगलं होऊ दे. उद्या काय कमी-जास्त झालं तर मनाच बोल लागंल."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मोठेकाकांचा राग येतो तो येतोच, पण आईचा जास्त आला. मी तिला म्हटलं, "तुला स्वतःला काही वाटतं की नाही?" ती उठून आत गेली आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी परत घासत होती. मीही पुढे बोलले नाही. लॅपटॉप ओढला आणि नावं टाइप करायला घेतली.

आणि इथे मी तो शहाणपणा केला. नावं एकसारखी लिहिली तर कोण थोरला, कोण धाकटा कळणार कसं? मला वाटलं, शीर्षकांचे सहा आकार आहेतच, ते वापरू. मोठेकाकांना एच-वन. त्यांच्या खालच्या चुलत्यांना एच-टू. चुलत चुलत्यांना एच-थ्री. मामांना एच-फोर, कारण मामा दुसऱ्या गावचे. असं करत करत आत्याच्या जावयापाशी एच-सिक्स संपला आणि क्रिकेटची टीम बाहेर राहिली. तरी मला वाटलं, काय झकास जमलंय! मानपान आणि कोडिंग एका झटक्यात.

मी लिंक फक्त कुंदनला पाठवली, तपासायला. त्याने ती घरच्या ग्रुपवर टाकली. टाकली ती टाकली, वर मोठेपणा करून खाली समजावलं की ज्याचं अक्षर मोठं त्याचा नंबर वरचा, याला एच-वन, एच-टू असं म्हणतात.

संध्याकाळी मी कामावरून येते तर ओटीवर माणसं. चपलांनी पायरी झाकलेली. धाकटे चुलते मला बघून बोलले, "का गं, मना यच-टू?"

"काका, तो नुसता आकार आहे."

"मग मना मोटा आकार दे."

दुसऱ्या चुलत्यांचं म्हणणं की ते आणि हे एकाच वयाचे, आठवड्याचा फरक, तरी त्यांना एच-थ्री कसा? मामा फोनवर होते, त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की तुमचा नंबर चौथा लावलाय. आत्याचे जावई तर मला बघून उठूनच गेले. एच-सिक्स हा शब्द आमच्या आळीत शिवीसारखा झाला. नळावर दोन बायका भांडत होत्या तिथे मी एकीला बोलताना ऐकलं, "तुमची लायकीच यच-सिक्सची!" कपाळावर हात मारायला माझा हात मोकळा नव्हता, हातात भाजी होती.

मोठेकाकांना तरी बरं वाटावं? छे. त्यांचं नाव फोनवर एका ओळीत मावेना. 'श्री. भैरू धर्मा' वरच्या ओळीत आणि 'वैती' खालच्या ओळीत एकटं. "माजं नाव तोडलंस," ते बोलले. "घराण्याचं नाव खाली पाडलंस."

"मोठेकाका, फोन आडवा करा, एका ओळीत दिसेल."

"लोकांनी पत्रिका मान वाकडी करून वाचायची?"

मी जेवले नाही त्या रात्री. दिपेशला फोन करून पाऊण तास ओरडले. तो शेवटी बोलला, "निशी, तुझ्याकडे ठरेल ते मला चालेल." म्हणजे काय मदत झाली?

पुढच्या क्लासला मी ते पान मॅडमना दाखवलं. मॅडम मूळच्या साताऱ्याकडच्या, सीवूड्सला फ्लॅटमध्ये राहतात, आईकडून पापलेट घेतात. त्यांनी पान वरपासून खालपर्यंत सरकवलं आणि चष्मा काढला.

"निशिगंधा, ही पत्रिका आहे की उतरंड?"

"मॅडम, मानाप्रमाणे लावलंय."

"हेडिंग मानासाठी नसतं गं. खाली जे लिहिलंय ते कशाबद्दल आहे, हे सांगण्यासाठी असतं. एका पानाला एक एच-वन. हे पान कशाबद्दल आहे?"

"माझ्या लग्नाबद्दल."

"मग एच-वनमध्ये तुझं लग्न कुठे आहे?"

मी पान परत बघितलं. माझं नाव खाली होतं. मामांच्या खाली. माझ्याच हाताने मी माझं नाव साध्या परिच्छेदाच्या टॅगमध्ये टाकलं होतं, जसं छापील पत्रिकेत बघत आले तसं. इतका राग आला मला स्वतःचा! मॅडम बोलल्या, माणसांची नावं सगळी परिच्छेदात टाक, सारख्या आकारात, आणि वर एकच शीर्षक ठेव.

ते घेऊन मी मोठेकाकांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "एकच ना? मग माजं ठेव," ते बोलले. "बाकी सगल्यांना सारखं. चांगली हाय तुजी मॅडम."

म्हणजे घ्या. मी त्यांच्यासमोरच बसून बदललं. एच-वनमध्ये श्री. भैरू धर्मा वैती. खाली सगळे परिच्छेदात. आईचं नाव कुठेच नाही. मी मुद्दाम परत विचारलं, "आणि आईचं?" त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बोलले, "समजून घे बाय." माया होती त्यांच्या हातात, हे मी नाकारत नाही. बाबा गेले तेव्हा शाळेत माझा हात धरून तेच आले होते. कॉलेजच्या फॉर्मवर पालकाची सही त्यांची. म्हणून तर मला नीट भांडताही येत नव्हतं. जो माणूस वाईट नाही त्याच्याशी भांडायचं म्हणजे फार त्रास असतो.

चिडचिडीत टाइप केलं, आणि एच-वन बंद करायचा टॅग राहिला. उघडला होता, बंद केलाच नाही. खालचे सगळे परिच्छेद त्याच्या पोटात गेले आणि सगळी नावं एच-वनएवढी झाली. चुलते, मामा, आत्याचे जावई, क्रिकेटची टीम, सगळे गलेलठ्ठ. पान इतकं लांब झालं की बोट दुखेपर्यंत सरकवा.

आणि काय सांगू, सगळी भावकी खूश! घरोघर फोन फिरले. धाकटे चुलते बोलले, "आता कशी शिस्तीत झाली." मामांनी मला फोन करून आशीर्वाद दिला. आत्याचे जावई परत आले, चहा प्यायले. फक्त मोठेकाकांना दुसऱ्या दिवशी दुपारी लक्षात आलं की आपण वेगळे दिसतच नाही, आणि मला टॅग बंद करावा लागला. परत सगळे बारीक, परत ओटीवर चपला.

असं हे किती दिवस चाललं म्हणून विचारू नका. रोज कामावरून यायचं, लॅपटॉप उघडायचा, कुणाचं तरी 'श्री.' राहिलेलं घालायचं, कुणाला वर सरकवायचं. आई रोज शेजारी येऊन बसायची. आधी ती टीव्हीसमोर बसून कोळंबी सोलायची, हल्ली ताट घेऊन माझ्या डाव्या बाजूला बसायला लागली होती. मी तिच्याशी तुटक बोलायचे. नावावरून झालेलं माझ्या मनातून गेलं नव्हतं. एकदा मी वैतागून लॅपटॉप जरा जोरात मिटला, तर ती बोलली, "मोडंल ना गं," आणि हळूच परत उघडून ठेवला. मला वाटलं, वस्तूची काळजी.

शेवटी रविवारी सकाळी मोठेकाकांनी जाहीर केलं की आता बदल नाही, आज लिंक पाठवायची. आणि नुसती पाठवायची नाही, पूजा करून. छापील पत्रिका देवापुढे ठेवतो तशी. लॅपटॉप पाटावर ठेवला. मोठेकाकांनी नारळ फोडला, पाणी कीबोर्डवर उडालं, मी आतल्या आत किंचाळले. मग ते बोलले, "हलद-कुंकू लाव कोनीतरी. सवाष्ण कोन हाय?"

आई पाटाच्या सगळ्यात जवळ उभी होती. ती दोन पावलं मागे सरकली, कोणी सांगायच्या आधीच. कुंदनची बायको पुढे आली आणि लॅपटॉपच्या कोपऱ्याला हळद-कुंकू लावलं. मी काहीच बोलले नाही आणि त्या न बोलण्याची मला अजून चीड येते.

मग मोठेकाकांनी चष्मा डोक्यावर सारला, कारण त्यांना चष्म्यातून फोन दिसत नाही, आणि स्वतःच्या बोटाने, प्रत्येक ग्रुपवर, लिंक पाठवली. भावकी, भजनी मंडळ, गावची कमिटी, शिरवण्याची पाहुणेमंडळी, सगळीकडे. कुंदन बोलला, "पप्पा, मी पाठवतो," तर म्हणे, "निमंत्रक मी हाय."

मी आत जाऊन कीबोर्ड पुसत होते तेव्हा दिपेशचा फोन आला. आवाजात हसू. "निशी, मस्त लिहिलंय. आमची आई सगळ्यांना वाचून दाखवतेय."

"काय वाचून दाखवतेय? नावं?"

"नावं कोण वाचतंय! ते वरचं. विमलबाईंच्या मुलीचं लग्न."

मी फोन कानाचा काढून ग्रुप उघडला. व्हॉट्सअॅपवर लिंक टाकली की तिच्याबरोबर एक चौकट येते, आणि त्या चौकटीत पानाचं टायटल ठळक अक्षरांत येतं. चौकट यायला जरा वेळ लागतो; मी आणि कुंदन घाईत पाठवायचो म्हणून आमच्याकडून ती कधी गेलीच नव्हती, मोठेकाका एका बोटाने सावकाश पाठवतात. हे मॅडमनी सांगितलं होतं का, मला आठवत नाही. सांगितलं असेल, मी त्या वेळी कोणाचं तरी 'श्री.' घालत असेन. कुंदनने पान दहा वेळा तपासलं, पण फोनवर, आणि पानावर टायटल दिसतच नाही. मी नावांत डोकं खुपसून बसलेली, वरची पट्टी कोण बघतं? भावकीच्या ग्रुपवर मोठेकाकांचा फोटो, मोठेकाकांचा मेसेज, आणि त्यांच्या मेसेजला चिकटून, गावाने बघावं अशा अक्षरांत, विमलबाईंच्या मुलीचं लग्न.

खाली अंगठे पडायला लागले होते. शिरवण्याहून कोणीतरी हात जोडले होते. भजनी मंडळातल्या एकाने लिहिलं होतं, विमलवहिनी, आम्ही सगळे येणार.

मोठेकाका आले ते चप्पल घालूनच आत आले. असं ते कधी करत नाहीत. "लोक मना फोन करून विचारतात, भैरू वैती हाय का गेला? माज्या हातानं, माज्या फोनवरनं! तू मुद्दाम केलंस."

"नाही केलं," मी बोलले. "सरावाला लिहिलं होतं, बदलायचं राहिलं. देवाशपथ."

"मग बदल. आत्ताच्या आत्ता बदल."

मी लॅपटॉप उघडला. खरंच उघडला, बदलायलाच. आणि कोपऱ्याला लागलेलं ते हळद-कुंकू दिसलं, आणि माझा तोल गेला.

"मुद्दाम करायला हवं होतं मी!" मी ओरडले. "कसलं विघ्न येणार आहे तिच्या नावाने? हे घर तिच्या हाताने उभं राहिलं तेव्हा आलं का विघ्न? तिने आणलेली मासळी तुमच्या देवकार्याच्या जेवणाला चालते. तिचं नाव तेवढं चालत नाही. आज ती पाटापासून मागे सरकली, कोणी ढकललं पण नाही तिला, स्वतःच सरकली. तुम्ही बघितलंत ना? मी पण बघितलं!"

मोठेकाका एकदम बसले, खुर्चीवर, हातातला फोन मांडीवर. "मी काय परका हाय का गं?" त्यांचा आवाज चिरकला. "तुज्या बापाच्या जागेवर उबा र्‍हायलो. तुजं कन्यादान करनार. एक नाव वर मागितलं, त्यात काय पाप केलं?"

मला रडू यायला लागलं आणि त्याचाही राग आला. ते खोटं बोलत नव्हते. हाच तर सगळा घोळ आहे आमच्या घरात, सगळे खरंच बोलत असतात.

मग ते आईकडे वळले. ती दारात उभी होती, हात ओले. "विमल, तूच सांग हिला. तू समजूतदार हायेस."

आईने पदराला हात पुसले. पुसतच राहिली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "सगल्यांच्या फोनवर गेलं?"

"गेलं."

"आता पुसता येतंय?"

"ज्यांना गेलं त्यांच्याकडचं नाही माझ्या हातात. इथे बदललं तर यापुढे ज्यांना पाठवू त्यांना नवीन जाईल."

तेवढ्यात तिचाच फोन वाजला. तिने उचलला, आणि तिला कानाला लावायच्या आधी स्पीकर दाबायची सवय आहे. स्मिता मॅडम होत्या. मोठेकाकांचा मेसेज मी न बघताच क्लासच्या ग्रुपवर पुढे ढकलला होता. "विमलबाई, अभिनंदन! तुमच्या मुलीचं लग्न, आणि रोज दारात येता तरी बोलला नाहीत? आमच्या सोसायटीतल्या सगळ्या येणार आहोत, सांगून ठेवते. तुम्ही बोलावलंय म्हटल्यावर यायलाच पाहिजे."

"या," आई बोलली. "या नक्की. मी बोलावलंय."

फोन ठेवला. मोठेकाका तिच्याकडे असे बघत होते की जणू ती दुसरीच कोणी बाई आहे.

"भावजी," आई बोलली. बाबांच्या थोरल्या भावाशी ती नजर वर करून बोलत नाही, आजही केली नाही, पण बोलली. "आतमदी तुमचं नाव सगल्यात मोटं हाय. ते मोटंच र्‍हईल, निशी त्याला हात लावनार नाय. तुमी आमचं केलंय, मी इसरनार नाय. पन वरचं तेवडं र्‍हवदे."

"विमल, लोक..."

"लोकांना मी सांगन. मना इचारू दे."

मोठेकाका उठले. दारात जाऊन थांबले, आणि तेव्हा त्यांना कळलं की आपण चपलेनिशी आत आलो. पायाकडे बघितलं, काहीतरी पुटपुटले. "संध्याकाळी हॉलवाला येतोय," ते बोलले. "दोगी घरी र्‍हवा." आणि गेले.

मी लॅपटॉपसमोर बसले. वरच्या पट्टीत ते अजून तसंच होतं. इतके दिवस माझ्या नाकासमोर होतं आणि मला दिसलं नव्हतं. आई येऊन माझ्या डाव्या बाजूला बसली, रोजच्या जागेवर. तिथून ती पट्टी अगदी समोर येते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"आई, मी खरंच मुद्दाम नाही गं केलं," मी म्हटलं. "बदलायचं विसरले."

"तू इसरलीस," आई बोलली. "मी रोज बगत होते."